पितृभाषा तारियाना

एका वाचकाने मोजक्या शब्दांत दोन अवघड गोष्टी विचारल्या आहेत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील तारियाना ही आरावाक कुळातील भाषा आता जेमतेम शंभर माणसे बोलतात आणि त्याच भागातला माणूस चार-पाच भाषा सहज बोलतो, असे त्यांच्या वाचनात आले. ‘ज्या समाजाला इतक्या भाषा सांभाळता येतात, त्याला स्वतःचीच एक भाषा का सांभाळता येऊ नये? आणि तिचे व्याकरण लिहून झाले असेल, ध्वनिमुद्रणे झाली असतील, तर ती वाचली असे म्हणायला काय हरकत आहे?’

उत्तर देण्याआधी माझी बाजू स्पष्ट करतो. बोलीभाषांच्या नोंदी करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, पण ते सातपुड्याच्या पायथ्याशी, कोरकू आणि निहाली बोलणाऱ्या गावांत. तारियाना लोकांमध्ये मी राहिलेलो नाही. त्यांच्या भाषेविषयी आज जगाला जे तपशीलवार ठाऊक आहे, ते मुख्यतः अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड या भाषावैज्ञानिक विदुषीच्या कामातून आलेले आहे. त्यांनी १९९१ पासून त्या लोकांबरोबर काम केले आणि २००३ मध्ये तारियानाचे विस्तृत व्याकरण प्रसिद्ध केले. मी इथे त्यांच्या कामाचा वाचक आहे, आणि एका वेगळ्या प्रदेशातील क्षेत्रकार्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे त्या वाचनावर मत देऊ शकतो, इतकेच.

आरावाक हे दक्षिण अमेरिकेतले सर्वांत दूरवर पसरलेले भाषाकुळ आहे. कोलंबस आला तेव्हा या कुळातल्या भाषा कॅरिबियन बेटांपासून थेट आजच्या बोलिव्हिया-पॅराग्वेपर्यंत बोलल्या जात होत्या. आज जिवंत असलेल्या भाषा चाळिसाच्या आसपास भरतात. त्यांपैकी कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या सीमेवरील वायू भाषा काही लाख लोक बोलतात. उरलेल्यांतल्या बऱ्याच भाषांची अवस्था मात्र तारियानासारखी आहे. या भाषा एका घरातल्या आहेत हे १७८३ सालीच फिलिप्पो साल्वातोरे जिली या जेझुइट पाद्र्याच्या लक्षात आले होते. ओरिनोको नदीकाठची मायपुरे आणि हजाराहून अधिक मैल दूर बोलिव्हियातली मोशो, या दोन भाषांत ‘माझा’, ‘तुझा’ दाखवणारे उपसर्ग त्याला सारखे दिसले. तारियानातही ‘मी’साठी ‘नु-’, ‘तू’साठी ‘पि-’ आणि ‘आम्ही’साठी ‘वा-’ असेच उपसर्ग आहेत. या कुळाशी आपला एक छोटासा संबंध रोजच्या स्वयंपाकात येतो. कॅरिबियनमधील ताइनो ही आरावाक भाषा केव्हाच संपली, पण रताळ्याला ती लावत असलेला ‘बटाटा’ हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फिरत गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तारियाना बोलली जाते ती ब्राझीलच्या वायव्य टोकाला, कोलंबियाच्या सीमेलगत, वाउपेस नदीच्या खोऱ्यात. स्वतःला तारियाना म्हणवणारे लोक दीड-दोन हजारांच्या घरात आहेत. त्यांतले भाषा बोलणारे सुमारे शंभर, आणि तेही मुख्यतः सांता रोसा आणि पेरिकितोस या नदीकाठच्या दोन वस्त्यांत. भोवताली तुकानो कुळातल्या भाषा आहेत: तुकानो, वानानो, पिरातापुया, देसानो, तुयुका आणि आणखी काही. आपल्याकडे अनेक समाजांत एक देवक असलेल्या घरांमध्ये सोयरीक होत नाही. वाउपेसच्या काठी देवकाच्या जागी भाषा आहे. ज्यांची भाषा एक ते भाऊ-बहीण, आणि बहिणीशी लग्न होत नाही, असा तिथला सरळ हिशेब आहे. म्हणून बायको नेहमी दुसरी भाषा बोलणाऱ्या गटातली असते. मुलाची ओळख मात्र वडिलांच्या भाषेवरून ठरते. त्याला आईची भाषा येते, आजोळी गेल्यामुळे ती चांगली येते, शेजाऱ्यांच्या दोन-तीन भाषा कानावरून येतात, पण ‘तू कोण’ या प्रश्नाचे उत्तर वडिलांची भाषा हेच असते. आपण ज्याला सहजपणे मातृभाषा म्हणतो, तो शब्द तिथे उलटा करून वापरावा लागेल.

या रचनेत बहुभाषिकता ही हौस नव्हती की शिक्षणाचा परिणाम नव्हता. ती घराच्या बांधणीतून येत होती. पूर्वी एका मोठ्या सामाईक घरात, ज्याला ब्राझीलमध्ये मालोका म्हणतात, भावाभावांची कुटुंबे एकत्र राहत. त्या घराची भाषा ही त्या भावांची भाषा असे. बाहेरून आलेल्या सुना ती शिकत, आपसात आपापल्या माहेरच्या भाषा बोलत, आणि मूल या सगळ्या आवाजांत वाढे. वडील शिकारीला किंवा मासेमारीला गेले, तरी काका, आजोबा, चुलत भावंडे असत. पितृभाषा शिकवण्याचा भार एकट्या बापावर पडत नसे. वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या एका वाक्यात आहे. वाउपेसच्या लोकांनी अनेक भाषा स्मरणशक्तीच्या जोरावर सांभाळल्या नव्हत्या, घराच्या बांधणीने सांभाळल्या होत्या. म्हणून बांधणी मोडली तेव्हा सर्वांत आधी तीच भाषा निसटली जिचा आधार केवळ पितृघर हा होता.

बांधणी मोडली ती दोन टप्प्यांत. आधी रबराच्या व्यापाराने पुरुषांना महिनोन्‌महिने घराबाहेर नेले. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सेलेशियन या कॅथलिक पंथाचे मिशनरी त्या भागात स्थिरावले. त्यांच्या दृष्टीने मालोका हे अनाचाराचे घर होते. ती घरे मोडून सुट्या कुटुंबांच्या सुट्या झोपड्यांची गावे वसवण्यात आली, मुले निवासी शाळांत नेली गेली. एका माणसाने इतक्या भाषा बोलणे हेही त्यांना रानटीपणाचे लक्षण वाटे. सुधारलेल्या माणसाची एक भाषा असते, अशी त्यांची धारणा होती. व्यवहारासाठी त्यांनी संख्येने मोठी असलेली तुकानो उचलून धरली. झोपडीत आता वडील, आई आणि मुले उरली. आई पिरातापुया किंवा वानानो बोलणारी, शाळेत आणि खेळात तुकानो, वडील बहुतेक वेळा बाहेर. तारियाना भाषेला दिवसातला असा एकही तास उरला नाही ज्यात मुलाला तिच्यावाचून अडावे. पुढे पोर्तुगीज आली ती या आधीच रिकाम्या झालेल्या जागेत आली; तारियानाचा मुख्य प्रतिस्पर्धी बराच काळ ती नव्हती. लहान भाषांना गिळणारी भाषा नेहमी राजधानीतूनच येते असे नाही. ती अनेकदा शेजारच्या गावची असते. मेळघाटच्या परिसरात जे पाहिले त्यावरून मला याचे आश्चर्य वाटत नाही.

यात एक विपरीत गोष्टही आहे. तारियाना लोकांत कुळांची उतरंड आहे, थोरली कुळे आणि धाकटी कुळे. थोरल्या कुळांचे लोक याउआरेते या धबधब्याकाठच्या मोठ्या वस्तीच्या परिसरात, म्हणजे पुढे जिथे मिशनचे केंद्र झाले तिथेच राहत. मान आणि संपर्क दोन्ही त्यांच्याकडे. साहजिकच त्यांनी भाषा आधी सोडली. आज सांता रोसा आणि पेरिकितोसमध्ये भाषा टिकवून असलेले वामियारिकुने हे उतरंडीत खालच्या पायरीवरचे मानले जातात. भाषा टिकली ती धाकट्यांकडे. पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की हीच गोष्ट आडवी येते, कारण थोरल्याच्या मुलाने धाकट्याच्या दारी आपल्याच पूर्वजांची भाषा शिकायला जायचे, आणि तीही धाकट्यांच्या बोलीतली, हे पचायला सोपे नसते. पाठ्यपुस्तक छापणे त्यामानाने फारच सोपे.

तारियाना भाषेच्या ज्या वैशिष्ट्याची जगात सर्वाधिक चर्चा होते, ते पुराव्याचे प्रत्यय. याबद्दल बरेच भाबडे लिहिले जाते, म्हणून थोडे थांबून सांगतो. ‘जुसे फुटबॉल खेळला’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. तारियानात ते पूर्ण होत नाही; हे तुम्हाला कसे कळले ते क्रियापदाला जोडावे लागते. मी स्वतः पाहिले असेल तर ‘जुसे इरिदा दि-मानिका-का’. पाहिले नाही पण मैदानातला आवाज ऐकला, तर ‘-का’च्या जागी ‘-माह्का’. त्याचे बूट जागेवर नाहीत, चेंडू नाही, अशा खुणांवरून ताडले, तर ‘-निह्का’. रविवारची दुपार आहे आणि जुसे रविवारी दुपारी खेळतोच, एवढ्याच माहितीवर म्हणत असेन तर ‘-सिका’. कोणी सांगितले असेल तर ‘-पिदाका’. या प्रत्ययांत काळही मिसळलेला आहे. हे सगळे नजीकच्या भूतकाळाचे झाले, दूरच्या भूतकाळाचा संच निराळा, आणि जुन्या कथा ज्या ‘-पिदाना’ने सांगितल्या जातात तो त्या संचातला ऐकीव माहितीचा प्रत्यय.

मराठी माणसाला हे अगदीच परके वाटू नये. ‘जुसे खेळला म्हणे’, ‘जुसे खेळलेला दिसतोय’, ‘जुसे खेळला असणार’, ही आपली वाक्ये जवळजवळ त्याच कप्प्यांत बसतात, आणि ‘म्हणे’ हा शब्द तर कथा सांगताना आपणही हातचा राखून वापरतो. फरक सक्तीचा आहे. आपल्याला ‘म्हणे’ गाळता येते आणि गाळले तर ते खोटे ठरत नाही. तारियानात कप्पा रिकामा ठेवताच येत नाही आणि चुकीचा कप्पा निवडला तर ऐकणाऱ्याला तुम्ही लबाड किंवा अर्धवट वाटता. म्हणून पोर्तुगीज बोलतानाही हे लोक ‘मी पाहिले’, ‘मला सांगितले’ असे जोडत राहतात, आणि कसे कळले ते न सांगता ठामपणे बोलणारे गोरे लोक त्यांना खोटारडे वाटतात. वेदना, चव, वास, स्वतःच्या मनातली भावना, या गोष्टी दिसत नाहीत म्हणून त्या ‘न पाहिलेल्या’ कप्प्यात जातात. साध्या माणसाचे स्वप्नही तिथेच जाते. पण शामानाचे, म्हणजे तिथल्या देवऋषीचे, भविष्य सांगणारे स्वप्न ‘पाहिलेल्या’ कप्प्यात ठेवले जाते. व्याकरणाच्या तक्त्यात ज्याला एक घर आहे, त्यामागे कोणाच्या पाहण्याला पाहणे म्हणायचे याविषयी समाजाने केलेला निवाडा असतो. तरीही यावरून ‘हे लोक खोटे बोलूच शकत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे बालिश आहे. ऐकीव गोष्ट पाहिल्याच्या प्रत्ययाने सांगता येते. भाषेने खोटे बोलण्याची एक अधिकची रीत दिली, इतकेच.

याहून मला महत्त्वाची वाटते ती या प्रत्ययांची कुळकथा, कारण तिच्यातून या समाजाचा स्वभाव उघड होतो. तारियानाची जवळची बहीण म्हणजे इसाना नदीकाठची बानिवा. तिच्यात पाच कप्प्यांची ही सक्ती नाही. तुकानो कुळातल्या भाषांत मात्र अशी व्यवस्था घरोघर आहे. म्हणजे तारियानाने ती शेजाऱ्यांकडून घेतली. पण ती घेताना तुकानोचे प्रत्यय घेतले नाहीत. स्वतःच्याच जुन्या शब्दांतून आणि प्रत्ययांतून नवे साहित्य घडवले आणि मांडणी तेवढी तुकानोची ठेवली. असेच कर्माला लागणाऱ्या ‘-नुकु’ प्रत्ययाचे: चाल तुकानोची, माती घरची.

असे का झाले? कारण वाउपेसमध्ये भाषांची सरमिसळ करणे हा मोठा बाष्कळपणा मानला जातो. तारियाना बोलताना तुकानो शब्द तोंडातून गेला तर लोक हसतात. ज्याला आपली भाषा धड येत नाही तो असे बोलतो, असा त्याचा अर्थ होतो. आणि जो पोर्तुगीज शब्द पेरतो, तो स्वतःला गोऱ्यांइतका मोठा समजतो अशी टीका होते. भाषा हीच जिथे कुळाची ओळख, तिथे परका शब्द म्हणजे परके देवक मिरवणे. पण माणसाला शब्द ऐकू येतात, त्यांवर पहारा ठेवता येतो. वाक्याची घडण ऐकू येत नाही. त्यामुळे शब्दांची वेस राखली गेली आणि व्याकरण मागच्या दाराने बदलत राहिले. आजच्या तरुण भाषकांची तारियाना जुन्या माणसांच्या तारियानापेक्षा आतून अधिक तुकानो आहे, आणि वरून पाहिले तर तिच्यात तुकानो शब्द शोधावे लागतात.

ही तुलना पुढे नेण्याचा मोह आवरत नाही. पेरूच्या ॲमेझॉन भागात रेसिगारो नावाची दुसरी एक आरावाक भाषा आहे, जवळजवळ संपलेली. तिने शेजारच्या बोरा भाषेचे प्रत्ययच्या प्रत्यय उचलले, मूळ शब्द मात्र बव्हंशी आपले ठेवले. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात बोलली जाणारी निहाली, जिचे कुठल्याच भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, तिने कोरकू, मराठी, हिंदी आणि द्राविडी भाषांचे इतके शब्द पोटात घेतले आहेत की अनेक वर्षे काही अभ्यासक तिला स्वतंत्र भाषा मानायलाच तयार नव्हते. निहाली बोलणारे दोन-अडीच हजार तरी आहेत. शब्दांच्या शुद्धतेचा आणि भाषेच्या आयुष्याचा फारसा संबंध नसतो, हे या तीन उदाहरणांवरून दिसावे. मराठीतले इंग्रजी शब्द मोजून मराठीच्या मरणाची तारीख काढणाऱ्या मित्रांना मी हेच सांगत असतो. तारियानाने शब्दांवर कडक पहारा ठेवला आणि तरीही ती शंभरांवर आली.

आता दुसरा प्रश्न, वाचली की नाही हा. बाहेरच्या बाजूने पाहिले तर गेल्या तीन-चार दशकांत त्या भागाचे चित्र बरेच पालटले आहे. १९८७ मध्ये, वाउपेस जिला मिळते त्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यातल्या आदिवासी संघटनांचा महासंघ उभा राहिला. १९९८ मध्ये तिथल्या मोठ्या प्रदेशाला आदिवासी भूमी म्हणून मान्यता मिळाली. २००२ मध्ये साओ गाब्रिएल दा काशोएइरा या तिथल्या नगरपालिकेने पोर्तुगीजबरोबर न्येएंगातू (त्या भागातली तुपी कुळातली संपर्कभाषा), तुकानो आणि बानिवा यांना अधिकृत दर्जा दिला. ब्राझीलमध्ये असे पाऊल टाकणारी ती पहिली नगरपालिका. त्या तीन नावांत तारियाना नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. लहान भाषांच्या हक्कांची लढाई जिंकली जाते तेव्हा त्यांतल्या मोठ्या भाषा जिंकतात. २००६ मध्ये याउआरेतेचा धबधबा, ज्याच्या खडकांत तारियाना आणि शेजारच्या लोकांच्या उत्पत्तिकथा वसलेल्या आहेत, तो ब्राझीलच्या अमूर्त वारशात नोंदला गेला. आपण मेघगर्जनेच्या रक्तातून जन्मलो, असे मानणाऱ्या या लोकांना त्या नोंदीचे मोल निश्चितच आहे. पण ती मागणी लिहिली गेली, तिच्यावर चर्चा झाली, ती बहुतांशी तुकानो आणि पोर्तुगीजमध्ये.

व्याकरण आहे, तारियाना-पोर्तुगीज शब्दकोश आहे, कथांचा संग्रह आहे, ध्वनिमुद्रणे आहेत. हे काम थोर आहे, आणि उद्या एखाद्या तारियाना तरुणाला आपल्या पणजोबांसारखे बोलायचे झाले तर त्याच्या हाताशी जे साहित्य असेल ते ताइनोच्या वंशजांना कधीच मिळाले नाही. तरीही मी ‘वाचली’ हा शब्द वापरणार नाही. माझी अडचण भावनेची नाही, कामाच्या पद्धतीतली आहे. नोंदणी करणारा माणूस वृद्धांकडे जातो, कारण भाषा त्यांच्याकडे असते. त्यांच्याकडून कथा, विधी, उत्पत्तीची वर्णने, झाडांची नावे मिळतात, आणि कथेतली क्रियापदे साहजिकच ‘-पिदाना’कडे झुकतात. बाप मुलाला ‘तो गळ नीट बांध, मी पाहिलाय, सुटतोय’ असे दटावतो ते बोलणे अशा संग्रहांत अपवादानेच येते. पाच कप्प्यांतून एक पटकन निवडण्याची सवय मात्र अशाच बोलण्यातून लागते.

म्हणून अशा कामाला निघालेल्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: यंत्र म्हाताऱ्यासमोर ठेवा, पण ते घरात मूल आल्यावर बंद करू नका. निहालीच्या एका गावात मी एका आजीकडून बराच वेळ शब्द उतरवून घेत होतो. ती मोकळेपणाने, खळखळून निहाली बोलत होती. तेवढ्यात नातू शाळेतून आला, दप्तर टाकले आणि भाकरी मागितली. आजी तशीच उठली आणि त्याच्याशी मराठीत बोलू लागली. आपण भाषा बदलली हे तिच्या लक्षातही आले नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना ते माझ्या लक्षात आले, आणि त्या दिवशी उतरवलेल्या दोनशे शब्दांपेक्षा ती पंधरा सेकंदे मला अधिक कामाची वाटली. तारियानाच्या संग्रहात अशी पंधरा सेकंदे किती आहेत आणि त्यांत बाप कोणती भाषा बोलतो, हे मोजता आले तर ‘वाचली का’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येईल.